आखूड स्वयंचलित शस्त्राची निवड : टायबरच्या खोऱ्यापासून पाषाणपर्यंत

मुंबई–गोवा राजमार्गाने पेण सोडून दक्षिणेकडे निघाले म्हणजे वडखळच्या पुढे गडब हे गाव लागते. एका अंगास धरमतर खाडीकडील खारवट जमीन व दुसऱ्या अंगास डोंगर अशा पट्ट्यातून हा रस्ता पुढे नागोठणे व कोलाडवरून माणगावास जातो. माणगाव येथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा उभा आहे. घाडगे हे याच तालुक्यातील पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते धारातीर्थी पडले व त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दिवशी त्यांच्या हातात जे शस्त्र होते त्याच्या वंशजाची निवड करण्यात भारतीय सैन्याची व पोलिसांची पुढील कित्येक दशके गेली. या निवडीचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो गरज नेमकी कोणती, हे ठरविण्याचा इतिहास आहे, आणि या दृष्टीने त्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. दोन मराठे आणि एक शस्त्र

घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील एका तुकडीचे नायक होते. शत्रूच्या मशीनगनने अगदी जवळून मारा केला आणि घाडगे यांच्याखेरीज तुकडीतील सर्व जवान ठार वा जखमी झाले. तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता ते एकटेच त्या मोर्चावर धावून गेले. हातबाँब फेकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा यांस निकामी केले. नंतर टॉमीगनने आणखी एकास टिपले. या वेळी त्यांची काडतूसपेटी रिकामी झाली. ती बदलण्यास अवधी नव्हता, म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरली व दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांस ठार केले. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले.

याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतील शिपाई नामदेव जाधव यांचा प्रसंग याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. जाधव हे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतीलच सेनिओ नदीवर त्यांनी जखमी सहकाऱ्यांना भर माऱ्यातून सुरक्षित जागी नेले व मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या गप्प केल्या. या हल्ल्यात त्यांच्या हातास जखम झाली. त्यामुळे टॉमीगन चालविता येईना, तेव्हा ती टाकून देऊन त्यांनी हातबाँबांवर भिस्त ठेवली.

हे दोन्ही प्रसंग शौर्याची उदाहरणे म्हणून सर्वश्रुत आहेत. शस्त्राच्या अभ्यासकास त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. टॉमीगन हे शस्त्र भरलेल्या स्थितीत सुमारे ५ किलोंहून जड. मिनिटास सुमारे ७०० गोळ्या या वेगाने ते झाडले गेले तर २० गोळ्यांची पेटी दोन सेकंदांच्या आत आणि ३० गोळ्यांची पेटी तीन सेकंदांच्या आत संपते. घाडगे यांस जे काही साधावयाचे होते ते या दोन-तीन सेकंदांत. एका हाताने धरून चालविण्याच्या दृष्टीने मात्र हे शस्त्र फार जड होते, आणि जाधव यांच्या वाट्यास नेमकी तीच अडचण आली. माऱ्याचा वेग, पेटीची क्षमता, वजन व ते धरणारा हात ही चार माने एकमेकांशी झगडतात. एक वाढविले की दुसरे घटते. आखूड शस्त्राच्या निवडीचा सगळा वाद या झगड्यातून उद्भवलेला आहे.

२. खंदकातील जन्म व कारखान्यातील स्वस्ताई

पायदळाच्या रायफलीची लांबी खंदकात अडचणीची ठरते, हा अनुभव पहिल्या महायुद्धाने दिला. त्यावर जर्मनीने १९१८ साली एमपी १८ हे शस्त्र काढले. ह्यूगो श्मायसर याच्या रचनेतून ते उतरले व बर्गमान कंपनीने ते तयार केले. रायफलीचे जोरकस काडतूस न वापरता त्यात पिस्तुलाचे ९ मिलिमीटरचे काडतूस योजिले होते. या एका निर्णयाने पुढील सर्व परंपरेचा स्वभाव ठरला. पिस्तुलाच्या काडतुसाचा दाब कमी असल्याने नळीस कुलूप घालणारी गुंतागुंतीची यंत्रणा लागत नाही. केवळ जड बोल्ट व स्प्रिंग यांच्या बळावर काम भागते. त्यामुळे शस्त्र स्वस्त, आखूड व चालविण्यास सोपे होते. मात्र गोळीचा परिणामकारक टप्पा शंभर-दीडशे मीटरांच्या पलीकडे फारसा जात नाही. तथापि ज्या लढाईत शत्रू खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी उभा असतो तेथे हा दोष दोष राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धात या स्वस्ताईची पराकाष्ठा झाली. अमेरिकन बनावटीची टॉमीगन उत्तम असली तरी महाग होती. डंकर्कहून परतलेल्या ब्रिटिश सैन्यास शस्त्रे हवी होती ती लाखांच्या संख्येने. रेजिनाल्ड शेफर्ड व हॅरल्ड टर्पिन या दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे व एनफील्ड येथील कारखान्याची आद्याक्षरे जुळवून जिचे नाव पडले ती स्टेनगन १९४१ साली निघाली. दाबून घडविलेला पत्रा, वेल्डिंग व अगदी थोडे यंत्रकाम एवढ्यावर ती तयार होई. तिची किंमत दोन-तीन पौंडांच्या घरात होती. युद्धकाळात अशा सुमारे ४० लाख बंदुका तयार झाल्या. परंतु स्वस्ताईची किंमत वापरणाऱ्यास मोजावी लागली. तिच्या पेटीत काडतुसांच्या दोन रांगा वरच्या तोंडाशी एकत्र होत. तेथे थोडी धूळ साचली किंवा पत्र्यास किंचित पोच आला की काडतूस अडके. शिवाय बोल्ट मागे ओढलेल्या अवस्थेत बंदूक हातून पडली तर चाप न ओढताही ती उडण्याचा धोका असे.

स्टेनगनचे हे दोष दूर करून जॉर्ज पॅचेट याने रचिलेले शस्त्र ब्रिटिश सैन्याने १९५३ साली स्वीकारले. हीच स्टर्लिंग होय. तिच्या वक्र पेटीत ३४ काडतुसे मावत व ती वर ढकलणाऱ्या भागास फिरते रोलर बसविलेले असत. बोल्टवरील पिळदार उंचवट्यांमुळे आतील धूळमळ आपोआप बाजूस सारला जाई. भारताने हेच शस्त्र परवान्याने कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार केले व '९ मिलिमीटर कार्बाइन १ए१' या नावाने ते सैन्यात व पोलिसांत रुळले. वर्तमानपत्रांनी व लोकांनी मात्र त्यास 'स्टेनगन' असेच म्हणणे चालू ठेवले. रेल्वे स्थानकापासून मंत्र्यांच्या बंगल्यापर्यंत जेथे जेथे सशस्त्र पहारा होता तेथे हे काळे, बाजूस पेटी असलेले शस्त्र सामान्य नागरिकाच्या परिचयाचे झाले.

३. रक्षकाच्या हातातील शस्त्र

सैनिकाची गरज व अंगरक्षकाची गरज यांत मूलभूत फरक आहे, याची जाणीव या देशात फार मोठी किंमत देऊन झाली. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या त्यांच्याच रक्षकांनी केली. एकाजवळ रिव्हॉल्व्हर होते, दुसऱ्याजवळ याच जातीची कार्बाइन. त्या दिवशी शस्त्रात कसलाही बिघाड झाला नाही. ज्याच्या हाती ते दिले होते त्याच्या निष्ठेची पारख करणारी व्यवस्था ढासळली होती. १९८५ साली विशेष संरक्षण दल स्थापन झाले. राष्ट्रीय सुरक्षा दलाची उभारणी १९८४ मध्येच सुरू झाली होती व १९८६ च्या अधिनियमाने त्यास कायद्याचे अधिष्ठान लाभले.

या नव्या दलांच्या गरजेस उघड्या बोल्टचे जुने शस्त्र पुरे पडणारे नव्हते. उघड्या बोल्टच्या शस्त्रात चाप ओढताच जड बोल्ट पुढे धावतो, काडतूस नळीत ढकलतो व मग गोळी सुटते. पहिली गोळी सुटण्यापूर्वीच शस्त्रास हिसका बसतो व नेम ढळतो. रणांगणावर हे चालून जाते. ज्या खोलीत मारेकरी व ओलीस एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे आहेत तेथे ते चालत नाही. जर्मनीच्या हेक्लर आणि कॉख कंपनीने १९६० च्या दशकात काढलेल्या एमपी ५ या शस्त्रात बोल्ट बंद अवस्थेतून गोळी सुटते. बोल्ट मागे येण्यास रोलरांच्या योगाने विलंब होतो, त्यामुळे ते सौम्यपणे चालते व पहिलीच गोळी अचूक बसते. मे १९८० मध्ये लंडनमधील इराणी वकिलातीतील ओलिसांची सुटका ब्रिटिश कमांडोंनी हे शस्त्र घेऊन केली आणि जगभरच्या विशेष दलांनी त्याचे अनुकरण केले. भारतातील राष्ट्रीय सुरक्षा दलही त्यांपैकीच. एमपी ५ महाग होते, पण येथे मोजमापच बदलले होते. किती गोळ्या झाडता येतात यापेक्षा किती कमी गोळ्यांत काम होते, आणि चुकलेली गोळी कोठे जाईल, हे प्रश्न महत्त्वाचे ठरले.

याच सुमारास दुसरी अडचण पुढे आली. गोळीरोधक जाकिटे सर्रास होऊ लागली आणि ९ मिलिमीटरची बोथट, मंद गोळी त्यांत अडू लागली. त्यावर बेल्जियमच्या एफएन कंपनीने ५.७ मिलिमीटरचे बारीक व वेगवान काडतूस आणि त्यासाठी पी ९० हे शस्त्र काढले. पुढे जर्मनांनी ४.६ मिलिमीटरचे काडतूस व एमपी ७ आणले. येथून निवडीचा प्रश्न बंदुकीकडून काडतुसाकडे सरकला. नवे काडतूस स्वीकारणे म्हणजे नवा कारखाना, नवा साठा व नवा पुरवठामार्ग स्वीकारणे होय. त्यामुळे हा निर्णय शस्त्रतज्ज्ञाइतकाच कोठीप्रमुखाचाही असतो.

४. रायगडचा किनारा आणि मुंबईची रात्र

गडबवरून जाणारा रस्ता ज्या जिल्ह्यातून जातो त्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जानेवारी १९९३ मध्ये दिघी येथे व फेब्रुवारीत शेखाडी येथे चोरट्या मार्गाने शस्त्रे व स्फोटके उतरली. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील स्फोटमालिकेत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. उतरलेल्या मालात आरडीएक्सबरोबर एके ५६ रायफली होत्या. पुढे विशेष न्यायालयाने ज्यांना दोषी ठरविले त्यांत सीमाशुल्क खात्याचे व पोलीस दलाचे काही अधिकारी व कर्मचारीही होते. येथे किनाऱ्यावरील पहारेकऱ्यांपाशी कोणते शस्त्र होते हा प्रश्नच उद्भवला नाही, कारण ते उगारण्याची वेळच येऊ दिली गेली नाही. १९८४ च्या घटनेशी या घटनेचे साम्य उघड आहे.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र मात्र वेगळी होती. त्या रात्री मुंबईच्या पोलिसांनी कर्तव्यात कसूर केली असे म्हणता येणार नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर .३०३ च्या जुन्या रायफली घेऊन शिपाई एके ४७ धारी हल्लेखोरांसमोर उभे राहिले. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी तर हल्लेखोराच्या बंदुकीची नळीच धरून ठेवली व अंगावर गोळ्या झेलल्या. त्यामुळेच अजमल कसाब जिवंत हाती लागला. घाडगे यांनी आपली रिकामी बंदूक नळीकडून धरली होती, ओंबळे यांनी शत्रूची भरलेली. दोन्ही प्रसंगी शस्त्राची उणीव देहाने भरून काढावी लागली. अशा शौर्याचा गौरव अवश्य करावा, परंतु त्यास व्यवस्थेचा आधार समजणे हा शौर्याचाच अवमान होय.

या हल्ल्यानंतर राज्य शासनाने राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सरावासाठी काडतुसे न मिळाल्याने मुंबईच्या शीघ्र प्रतिसाद पथकांचा गोळीबाराचा सराव खंडित झाला होता, ही गोष्ट तिच्या अहवालातून उजेडात आली. २०१० साली राज्याचे 'फोर्स वन' हे विशेष दल कार्यान्वित झाले व त्यास एमपी ५ सारखी आधुनिक शस्त्रे देण्यात आली. परंतु समितीच्या त्या एका निरीक्षणाचे मोल कोणत्याही नव्या खरेदीपेक्षा अधिक आहे. ज्या शस्त्राने वर्षभर एकही गोळी झाडलेली नाही ते शस्त्र त्या शिपायाचे नव्हे, ते कोठाराचे.

५. पाषाण व खडकी येथील प्रयत्न

देशी शस्त्राचा शोध मुख्यतः पुण्यात चालला. पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापना, जी एआरडीई या संक्षिप्त नावाने ओळखली जाते, १९५८ साली स्थापन झाली. खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ पासूनचा. इन्सास या ५.५६ मिलिमीटरच्या शस्त्रकुलात रायफल, हलकी मशीनगन व कार्बाइन अशी तीन भावंडे कल्पिली होती. पहिली दोन सैन्यात गेली, कार्बाइन मात्र मान्य झाली नाही. रायफलीचे जोरकस काडतूस आखूड नळीतून झाडले म्हणजे धक्का, आवाज व झगमगाट वाढतो. भौतिकशास्त्राचा हा नियम एकाच कुलातील सर्व शस्त्रांना एकच काडतूस असावे या सोयीच्या तत्त्वास आड आला.

त्यावर एआरडीईने मधला मार्ग शोधला. काडतुसाची लांबी ४५ वरून ३० मिलिमीटरवर आणून तिने कमी धक्क्याची पण जाकीट भेदणारी नवी गोळी तयार केली. तिच्यासाठी रचिलेली संरक्षक कार्बाइन वजनाने सुमारे ३ किलो असून तिचा टप्पा १०० मीटरांहून अधिक व वेग मिनिटास ७०० गोळ्यांहून अधिक आहे. डिसेंबर २०२० मध्ये तिने सैन्याच्या अंतिम चाचण्या पार केल्या. गृह मंत्रालयाच्या चाचण्यांत ती त्यापूर्वीच उत्तीर्ण झाली होती. बंदूक कानपूरची व काडतूस खडकीचे, अशी तिच्या निर्मितीची विभागणी होती.

याच काळात आयातीचे प्रयत्नही चालू होते आणि त्यांची कथा उद्बोधक आहे. सुमारे २०१० पासून ४४,६१८ कार्बाइनच्या खरेदीची प्रक्रिया चालली. चाचण्यांच्या अखेरीस एकच पुरवठादार उरला व २०१६ साली ती प्रक्रिया रद्द झाली. पुढे तातडीची गरज म्हणून ९३,८९५ कार्बाइनची मागणी निघाली. २०१८ साली संयुक्त अरब अमिरातीतील काराकाल कंपनीची निविदा सर्वांत कमी ठरली, पण २०२० साली तीही रद्द करण्यात आली. तातडीची म्हणून काढलेली मागणी दोन वर्षे चालून शून्यावर येते, तेव्हा दोष केवळ कागदपत्रांच्या गतीचा नसतो. एकाच शस्त्राने पायदळाचे, कमांडोंचे व वाहनचालकांचे काम करावे, ते हलके असून जाकीट भेदणारे असावे, स्वस्त असून सर्व उपसाधने वाहणारे असावे, या परस्परविरोधी अपेक्षांची यादी लांबत गेली की कोणतेही शस्त्र तिला पुरे पडत नाही.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेली 'अस्मी' लक्ष वेधून घेते. महू येथील इन्फन्ट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी एआरडीईच्या सहकार्याने चार महिन्यांत ती सिद्ध केली. वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, आणि निर्मितीखर्च ५०,००० रुपयांच्या आत. विशेष म्हणजे काडतूस तेच जुने ९ मिलिमीटरचे, जे देशात सर्वत्र उपलब्ध होते. रणगाड्यातील व विमानातील चालकवर्ग, वाहनचालक, बिनतारी संदेशक, जवळच्या लढाईतील पथके अशा ठरावीक वापरासाठीच ती योजिली होती. २०२४ साली सैन्याच्या उत्तर विभागासाठी हैदराबादच्या लोकेश मशीन्स कंपनीकडून ५५० 'अस्मी' घेण्यात आल्या. गरज मर्यादित ठेवली म्हणून उत्तर लवकर सापडले, असा याचा अर्थ लावता येतो.

मोठ्या गरजेचे उत्तर त्यानंतर आले. डिसेंबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ४.२५ लाखांहून अधिक कार्बाइनसाठी सुमारे २,७७० कोटी रुपयांचे करार केले. पुण्याची भारत फोर्ज व पीएलआर सिस्टिम्स या दोन कंपन्यांत ही मागणी वाटली गेली. भारत फोर्जच्या कार्बाइनची रचना एआरडीईची आहे. येथे सैन्याने रायफलीचेच ५.५६ बाय ४५ मिलिमीटरचे काडतूस निवडले. इन्सास कार्बाइनच्या वेळी जे तत्त्व अडचणीचे ठरले तेच सुधारलेल्या यंत्ररचनेसह पुनः स्वीकारले गेले.

६. निष्कर्ष

अशा रीतीने आज या देशात आखूड शस्त्रांसाठी तीन काडतुसे नांदत आहेत. ९ मिलिमीटरचे काडतूस जेथे मागे निरपराध माणूस उभा असू शकतो तेथे, म्हणजे गर्दीत, विमानात व ओलीसनाट्यात, कमी भेदक म्हणूनच उपयोगी आहे. जो गुण सैनिकास उणा वाटतो तो पोलिसास अधिक वाटतो. ३० मिलिमीटर लांबीचे मधले काडतूस जाकीटधारी हल्लेखोरासमोर उभ्या रक्षकास उपयुक्त आहे, परंतु त्याचा स्वतंत्र पुरवठा सांभाळावा लागतो. रायफलीचे काडतूस पायदळास पुरवठ्याची एकसूत्रता व लांब टप्पा देते. मात्र बंद खोलीत ते अंगरक्षकाच्या हाती देणे म्हणजे भिंतीपलीकडच्या माणसाचा जीव धोक्यात घालणे होय. तेव्हा सर्वोत्तम शस्त्र कोणते हा प्रश्नच अपुरा आहे. कोणी, कोठे, कोणाच्या उपस्थितीत व किती सरावानंतर, ही चार पदे जोडल्याविना त्यास उत्तर नाही.

या चार पदांतील शेवटचे पद यादीत नेहमी शेवटी राहते व खर्चात प्रथम कापले जाते. १९८४ ची घटना माणसाच्या पारखेकडे, १९९३ ची सचोटीकडे आणि २००८ ची सरावाकडे बोट दाखविते. या तिन्ही वेळी शस्त्राची निवड हा प्रश्नाचा एकच भाग होता. खडकीच्या काडतुसांचा ठरावीक वाटा दरवर्षी नेमबाजीच्या मैदानावर खर्ची पडतो की नाही, यावर पाषाणच्या रचनेचे यश अवलंबून आहे. गडबवरून माणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील त्या पुतळ्याचा धडाही हाच आहे. घाडगे यांनी रिकाम्या बंदुकीचेही शस्त्र केले, ही त्यांची थोरवी. त्यांच्या गावच्या पुढच्या पिढीतील शिपायावर ती वेळ न येऊ देणे हे शस्त्र निवडणाऱ्याचे, ते देणाऱ्याचे व त्याच्या सरावाची तरतूद करणाऱ्याचे कर्तव्य होय.